या चुका टाळा : गळाचा नाद लागला, पण मासा काही लागेना

‘आपल्याला नाही जमायचं हे’ असं म्हणत मित्राच्या आग्रहाखातर धक्क्यावर आलेला माणूस तासाभरात वीतभर तांबोशी काढतो आणि त्या रात्री त्याला झोप लागत नाही. गोव्यात गळाचा नाद बहुतेकांना असाच लागतो. पुढच्या रविवारी तो नवा रॉड घेऊन एकटा येतो आणि रिकाम्या हाताने घरी जातो. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मग तो आणखी महाग रीळ घेतो.

पहिला मासा त्याने एकट्याने काढलेला नसतो, हे त्याच्या लक्षातच येत नाही. पाण्याची वेळ मित्राने निवडलेली असते, ड्रॅग मित्राने लावलेला असतो, गाठ मित्राची असते. या तीन गोष्टी शिकायच्या सोडून लोक दुकानात जातात. सात फुटी मध्यम ताकदीचा रॉड, ३००० किंवा ४००० नंबरचं रीळ आणि २० पौंडी ब्रेडेड (विणलेली) दोरी एवढ्यावर मांडवी, जुवारी, शापोरा, साळ या सगळ्या नद्यांत वर्षानुवर्षं गळ टाकता येतो. त्यापुढचा खर्च निदान वर्षभर करू नका.

ड्रॅग आवळणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात जास्त नुकसान हीच करते. ड्रॅग म्हणजे रिळाचा ब्रेक. मासा ठरावीक ताणापेक्षा जास्त जोराने ओढू लागला की दोरी सुटू द्यायची, एवढंच त्याचं काम.

बेतीच्या धक्क्यावर एका तरुणाच्या जिवंत सुंगटाला (कोळंबीला) चांगला मोठा चोणक लागला होता. ओहोटी नुकतीच सुरू झाली होती. मासा पाण्याबाहेर उसळला, डोकं झटकलं आणि पळत सुटला. रीळ कर्रकर्र वाजत दोरी सोडू लागलं, म्हणजे ड्रॅग आपलं काम करत होता. पण दोरी चालली म्हणजे मासा चालला असं त्याला वाटलं आणि त्याने नॉब फिरेल तेवढा आवळला. चोणक धक्क्याच्या खांबांकडे वळला तसा याने रॉड सरळ डोक्यामागे ओढला. टोकाकडून हातभर अंतरावर रॉडचे दोन तुकडे झाले आणि त्याच झटक्यात दोरी तुटली. लीडर, म्हणजे दोरी आणि गळ यांच्यामधला जाड नायलॉनचा तुकडा, नव्हताच; ब्रेडेड दोरी थेट गळाला बांधलेली होती. मासा तोंडात गळ आणि मागे लोंबती दोरी घेऊन गेला. रॉड खराब निघाला असं तो नंतर म्हणत होता.

रॉडमध्ये काहीही खोट नव्हती. रॉड दोरीशी काटकोन करतो तोवर ताण त्याच्या जाड बुंध्यावर येतो. त्याहून मागे नेला की सगळा भार टोकाच्या काडीवर पडतो. त्यात ब्रेडेड दोरी जवळजवळ ताणली जात नाही, त्यामुळे प्रत्येक झटका थेट गाठीवर आणि टोकावर बसतो. चोणकाच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड सुरीसारखी असते, तिच्यावर घासलेली ब्रेडेड दोरी टिकत नाही.

उपाय घरीच करायचा. भाजीवाल्यांकडे असतो तसला लटकता काटा घ्या. दोरीचं टोक त्याला बांधा, रॉड ४५ अंशांवर धरून ओढा आणि दोरी कितीला सुटते ते बघा. २० पौंड म्हणजे साधारण ९ किलो. ड्रॅग त्याच्या चौथ्या हिश्शाला, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास सुटला पाहिजे. हाताने ओढून ‘बरोबर वाटतंय’ असं ठरवणाऱ्यांचा ड्रॅग काट्यावर धरला की बहुधा दुप्पट निघतो. एकदा लावला की मासा लागलेला असताना नॉबला हात लावायचा नाही. थोडा जास्त रोध हवाच असेल तर स्पूलच्या, म्हणजे दोरी गुंडाळलेल्या चाकाच्या, कडेवर तळहात हलका टेकवा. तो लगेच काढता येतो.

नॉब आवळूनही दोरी सुटतच राहते, अशी तक्रार घेऊन लोक रीळ दुरुस्तीला नेतात. आधी स्पूल घट्ट धरून दोरी ओढून बघा. स्पूल जागच्या जागी आणि दोरीचा अख्खा गुंडा त्याच्यावर फिरतोय, तर ड्रॅगचा दोष नाही. गुळगुळीत स्पूलवर ब्रेडेड दोरी धरत नाही. खाली आठ-दहा वेढे साध्या नायलॉनचे घ्या आणि त्याला ब्रेडेड दोरी जोडा.

लीडर ४० पौंडी नायलॉनचा, किमान एक मीटर. जोडायला डबल युनी गाठ पुरते. आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करा, कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तिथेच कमजोर होतं. प्रत्येक माशानंतर लीडरवरून नख फिरवा. खरखरीत लागला तर तेवढा तुकडा कापून गाठ नव्याने मारा. याचा कंटाळा करणाऱ्यांनी मोठ्या माशाची अपेक्षा ठेवू नये.

घड्याळ बघून येणं

‘गेल्या रविवारी सकाळी सहाला मासे होते, आज सहाला काहीच नाही.’ कसे असतील? भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. सात दिवसांत ती जवळपास सहा तास सरकते, म्हणजे गेल्या रविवारी सहाला भरती होती तर या रविवारी सहाला ओहोटी तळाला गेलेली असते. वर, गेला रविवार अमावास्येच्या जवळ असेल तर तेव्हा उधाण होतं आणि आता अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती, आहे. उधाणाला मुरगावला पाणी दोन मीटरहून जास्त चढतं-उतरतं, भांगात बरंच कमी. तीच जागा, तेच घड्याळ, पण पाणी पूर्ण वेगळं.

पाणी वाहतं तेव्हा मासा खातो. वाहतं पाणी लहान मासे आणि सुंगटं ओढून आणतं. चोणक आणि तांबोशी खांबाच्या आडोशाला थांबून ती टिपतात. पाणी थबकलेलं असताना गळ टाकून बसणं म्हणजे बहुतेक वेळा नुसतं बसणं. मी भरतीचे शेवटचे दोन तास आणि ओहोटीचे पहिले दोन तास धरतो, मधली स्तब्ध अर्धी घटका चहाला.

भरती-ओहोटीचा तक्ता मुरगावचा असतो, हे विसरू नका. नदीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. तक्त्यातली वेळ रायबंदर किंवा चोडणच्या धक्क्याला जशीच्या तशी लावली तर चुकते. आपल्या जागेवरच्या एखाद्या खांबावर पाण्याची रेघ बघा, पाणी उलटलं ती वेळ वहीत लिहा आणि तक्त्याशी ताडा. चार-पाच फेऱ्यांत त्या जागेचा फरक कळतो. अॅपवर विसंबणारे हे कधीच करत नाहीत.

ओहोटीला मानशीच्या, म्हणजे खाजणाच्या बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, तोंडाशी चोणक येतो, हे कोणीतरी सांगतंच. खरं आहे: ओहोटीला मानशीचं दार बाहेर उघडतं, खाजणातलं पाणी सुंगटांसकट नदीत पडतं. पण मानशीतल्या मासळीच्या हक्काची पावणी (लिलाव) होते आणि तो हक्क ज्याने घेतला आहे त्याने त्यासाठी पैसे मोजलेले असतात. त्याला विचारल्याशिवाय तिथे गळ टाकू नका. नवख्यांच्या अशा वागण्यामुळे जुन्या गळवाल्यांनाही बांधावरून हाकललं जातं.

बाकीच्या, थोडक्यात

स्पूल काठोकाठ भरू नका. दोन मिलिमीटर मोकळं ठेवा, नाहीतर फेकताना दोरीचे वेढे एकदम सुटून गुंता होतो. फेकल्यावर बेल (रिळावरची तारेची कमान) हाताने बंद करा आणि ढिली दोरी ताणून मगच रीळ फिरवा.

सर्कल हुक लावला असेल तर झटका मारू नका. टोक आत वळलेलं असतं, झटक्याने ते माशाच्या तोंडातून तसंच बाहेर येतं. नुसतं संथपणे रीळ फिरवा, गळ आपणच जबड्याच्या कोपऱ्यात बसतो.

जिवंत सुंगटाच्या डोक्यात काळसर ठिपका दिसतो, त्याला गळ लागला की ते मेलंच. डोक्यावरच्या शिंगाच्या मुळाशी, ठिपक्याच्या वरून, उथळ टोचा.

सांगटाच्या (मिशा असलेल्या कॅटफिशच्या) पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या काट्यांना विष असतं. त्याला हाताने धरू नका, चिमट्याने गळ सोडवा. काटा बोचलाच तर हात सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास तरी बुडवून ठेवा, वेदना उतरतात, मग डॉक्टर. फुगणारा केंड कितीही मोठा असला तरी घरी नेऊ नका. त्याचं विष शिजवून जात नाही.

कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. गुंतलेला गळ सोडवायला पाण्यात उतरू नका, दोरी कापा.

पावसाळ्यात समुद्राकडच्या खडकांवर जाऊ नका. नद्या गढूळ आणि गोड्या असतात तोवर घरी बसून गाठींचा सराव करा.

मोठा चोणक सोडायला शिका. हा मासा आयुष्य नर म्हणून सुरू करतो आणि वाढल्यावर मादी होतो, त्यामुळे मोठा म्हणजे बहुधा अंडी देणारी मादी. हात ओले करून, पोटाखाली आधार देऊन, प्रवाहाकडे तोंड करून धरा. शेपटीत जोर आला की सोडा.

घरी आल्यावर रीळ बादलीत बुडवू नका आणि नळीचा जोरदार फवाराही मारू नका, खारट पाणी आत ढकललं जातं. ड्रॅग पूर्ण आवळा, म्हणजे वॉशरमध्ये पाणी शिरत नाही. मग नळाच्या बारीक धारेखाली धरा, पुसा, सावलीत वाळवा. वाळल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, आणि पुढच्या वेळी निघण्याआधी पुन्हा काट्यावर लावा.