सगळ्या प्रकारचं वाचायचंय? मग आधी धागा पकडा

माझ्या बॅगेत एका आठवड्यात भुताच्या गोष्टी असतात, पुढच्या आठवड्यात कोणाचं तरी आत्मचरित्र, मध्येच पक्ष्यांवरचं पुस्तक, त्यामुळे ऑफिसमधले विचारतात की हे जमतं कसं. आम्ही कादंबरीच्या बाहेर जातच नाही म्हणतात, किंवा कविता डोक्यावरून जाते म्हणतात. तर मी काय करतो ते एकदा नीट लिहून काढतोय, कारण या वाचनाने मला जो आनंद दिलाय तो आपल्या माणसांना मिळावा असं मनापासून वाटतं.

पहिली गोष्ट म्हणजे यादी करू नका. म्हणजे यावर्षी दोन कवितासंग्रह, दोन इतिहास, दोन विज्ञान असं ठरवून बसू नका. मी कॉलेजात असताना वहीत रकाने आखून असं केलं होतं आणि तिसऱ्याच पुस्तकाला अडकलो, कारण त्या पुस्तकाकडून मला काहीच जाणून घ्यायचं नव्हतं, नुसता रकाना भरायचा होता. एक पुस्तक संपताना मनात काहीतरी खटकत राहतं, अर्धवट राहतं, त्याच्या मागे जायचं. मी त्याला धागा म्हणतो. धागा धरला की पुढचं पुस्तक कुठल्या प्रकारातलं आहे हे बघायची वेळच येत नाही.

माझाच एक धागा सांगतो. विष्णुभट गोडशांचं 'माझा प्रवास' हातात आलं. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक, मथुरेला यज्ञ होणार आहे, दक्षिणा मिळेल, डोक्यावरचं कर्ज फिटेल म्हणून काकांबरोबर निघतो आणि थेट १८५७ च्या बंडात सापडतो. झाशीचा वेढा तो शहराच्या आत राहून बघतो. पुढे एका विहिरीवर त्याला राणी भेटते, तहानलेली, लढाई हरून आलेली. हा पाणी काढून द्यायला पुढे होतो तर ती नको म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, मीच काढते म्हणते. ते पान वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तसाच बसलो. घोड्यावरच्या पुतळ्यातली राणी माहीत होती, विहिरीवर वाकलेली राणी माहीत नव्हती. (हे पुस्तक छापून आलं १९०७ मध्ये, चिं. वि. वैद्यांमुळे, म्हणजे ते सगळं घडून गेल्यावर तब्बल पन्नास वर्षांनी.)

मग साहजिकच भा. रा. तांब्यांची राणीवरची कविता काढली, लहानपणी नुसती चालीवर म्हटलेली, आणि ती आता वेगळीच लागली कारण विहीर डोळ्यासमोर होती. तिथून लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. त्याची सुरुवातच त्यांच्या आजोबांना बंडाच्या धामधुमीत झालेल्या फाशीपासून होते आणि वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचं मूळही तिथेच आहे. ते सोवळं घरातल्या बायकामुलांचं काय करतं हे लक्ष्मीबाई इतकं हसतखेळत सांगतात की वाचून झाल्यावर पोटात तुटतं. आता ज्याच्या स्पर्शाला हे लोक एवढे घाबरतात त्या माणसाचं काय, हा प्रश्न आला आणि मी दया पवारांच्या 'बलुतं'पाशी पोचलो, ते १९७८ चं. 'स्मृतिचित्रे' आणि 'बलुतं' लागोपाठ वाचा असं मी प्रत्येकाला सांगतो, दोन्ही मराठीच पण दोन वेगळे देश वाटतात. 'बलुतं'मधली मुंबई, ती कावाखान्याची वस्ती डोक्यातून जाईना म्हणून मग नारायण सुर्वे, 'माझे विद्यापीठ'.

बघा, प्रवासवर्णन, कविता, दोन आत्मचरित्रं, परत कविता. यातलं काहीही मी प्रकार म्हणून निवडलं नव्हतं.

आता ज्यांच्याकडे धागाच नाही, खूप वर्षांत काही वाचलेलंच नाही, त्यांनी दिवाळी अंकापासून सुरुवात करावी. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही आपली रीत आहे आणि सगळ्या प्रकारांची चव घ्यायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही मला माहीत नाही. एका अंकात कथा, कविता, एखादा लांबलचक रिपोर्ताज, व्यक्तिचित्र, व्यंगचित्रं, सगळं असतं. विकत एक-दोनच घ्या, बाकीसाठी लायब्ररी लावा, बऱ्याच ठिकाणी दिवाळीनंतर अंकांची वेगळी वर्गणी असते, एकदा भरली की पुढचे काही महिने अंक बदलत राहायचं. वाचताना एकच करा, जो लेख संपू नये असं वाटलं त्याच्या लेखकाचं नाव मोबाईलमध्ये टिपून ठेवा. दहा अंकांनंतर ती नावं बघा, तुमचे धागे तिथेच मिळतील.

आणि लायब्ररी म्हणजे खरी लायब्ररी, कपाटांमध्ये फिरू देणारी. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं, पण गावोगावची छोटी सार्वजनिक वाचनालयंही असतात, चौकशी तर करा. दोन पुस्तकं मिळत असतील तर एक हवं असलेलं घ्या आणि दुसरं त्याच्या शेजारचं, जे घ्यायचं डोक्यातही नव्हतं. काउंटरवरच्या ग्रंथपाल बाईंशी ओळख करा. आमच्या इथल्या ताई पुस्तक परत घेताना नुसतं 'कसं वाटलं?' विचारतात आणि उत्तर ऐकून आतून एक पुस्तक आणून ठेवतात. मारुती चितमपल्ली मला त्यांनीच दिले, मी व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' परत करत होतो, ती वानरांच्या टोळीची गोष्ट, तर म्हणाल्या आता हे न्या, जंगलात अख्खी नोकरी केलेल्या माणसाचं आहे.

कवितेची भीती वाटत असेल तर संग्रह पहिल्या पानापासून वाचू नका. रोज एक, मोठ्याने, सकाळी चहा व्हायच्या आधी. अर्थ लागला नाही तरी चालेल, दुसऱ्या दिवशी तीच परत. तिसऱ्या दिवशी एखादी ओळ भांडी घासताना आपोआप तोंडात येते, तेवढं पुरे.

विज्ञान कंटाळवाणं वाटतं त्यांनी भुताच्या वाटेने यावं, खरंच. नारायण धारप रात्री वाचा, त्यांनी भयकथांबरोबर विज्ञानकथाही लिहिल्यात, तिथून जयंत नारळीकर. नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि बक्षीस मिळवलं. एवढा मोठा शास्त्रज्ञ नाव लपवून कथा पाठवतो हे वाचून मला तो माणूसच वाचावासा वाटला, म्हणून मग 'चार नगरांतले माझे विश्व'. मध्ये एखादी संकल्पना अडली तर मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, तिथली नोंद वाचायची आणि परत गोष्टीत यायचं.

पुस्तक आवडत नसेल तर सोडा. साधारण पन्नास पानं द्या, तरी जमलं नाही तर परत करा, त्यात अपराधी वाटून घ्यायचं काही नाही. फक्त फेकून देऊ नका, कारण 'कोसला' मी एकोणिसाव्या वर्षी सोडली होती आणि तिसाव्या वर्षी दोन दिवसांत संपवली.

एका वेळी दोन-तीन पुस्तकं चालू ठेवली तर गोंधळ होतो का, तर नाही होत, जागा ठरवली की. लोकलमध्ये कथा, कारण स्टेशन येतं. रात्री आत्मचरित्र. इतिहास रविवारी टेबलावर, शेजारी नकाशा उघडून.

सध्या माझ्याकडे लायब्ररीचं एक जुनं प्रवासवर्णन आहे. मागच्या चिठ्ठीवर शेवटची तारीख चौदा वर्षांपूर्वीची आहे आणि पान ६२ वर कोणीतरी पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलंय, 'इथून पुढे सावकाश'. मी आज ६१ वर आहे.