अकरावीच्या पोरांना भीमाशंकरच्या जंगलात सर्व्हेला न्यायचंय?

पहिलं म्हणजे डायरेक्ट भीमाशंकर गाठू नका. आधी एका रविवारी पुण्यातच वेताळ टेकडीवर दोरी टाकून १० बाय १० मीटरचा प्लॉट पोरांनाच आखू दे, कारण जंगलात गुंता झालेली दोरी सोडवण्यातच अर्धा तास जातो आणि मग सगळेच वैतागतात.

भीमाशंकर १९८५ पासून अभयारण्य आहे, त्यामुळे सर्व्हे करायचा तर वनविभागाची लेखी परवानगी काढा, आणि पान, पीस काहीही बॅगेत घालून आणायचं नाही हे पालकांच्या ग्रुपवरही टाका. श्रावणात नका जाऊ, गर्दीत मरायचं. दिवाळीची सुट्टी बेस्ट, क्लासही बंद असतात.

आता मेन मुद्दा, प्रश्न. पोरं "जैवविविधतेचा अभ्यास" असलं काहीतरी घेऊन येतात, तिथेच थांबवा. "शेकरू कुठल्या झाडांवर घरटी बांधतं?" एवढं दोन दिवसांना भरपूर झालं. पण नुसती घरट्यांची झाडं मोजून भागत नाही, प्लॉटमधली ३० सेंमीच्या वर घेर असलेली सगळीच झाडं मोजायला लागतात, नाहीतर तिथे अंजनीच जास्त असेल तर घरटीही अंजनीवरच दिसणार ना, त्यात शेकरूची आवड कुठे आली? हे तुम्ही सांगू नका. टेबल भरलं की विचारा, आणि गप्प बसा. (मला हे गप्प बसणं अजून नीट जमत नाही.) कोणीतरी १४ घरटी म्हणजे १४ शेकरू असं लिहिणारच. एक शेकरू बरीच घरटी बांधतं. तेव्हा फक्त म्हणा, एका माणसाचे दोन फ्लॅट नसतात का रे? पुण्यातल्या पोरांना लगेच कळतं.

घेर १.३७ मीटरवर मोजायचा, म्हणजे छातीच्या उंचीवर, पण कोणाची छाती? एक पोरगं सहा फुटी, एक पावणेपाच, त्यामुळे काठीवर खूण करून तीच काठी सगळ्यांनी वापरायची. लिहायला पेन्सिल, दवाने पेनाची शाई पसरते.

झाडांची नावं ॲपवर शोधण्याआधी गावातल्या एखाद्या काकांना सोबत घ्या, आजूबाजूच्या महादेव कोळी वाड्यांमधले लोक अंजनी, पिसा, हिरडा लांबून ओळखतात. गावातलं नाव आधी लिहायचं, शास्त्रीय नाव रात्री. आणि काकांना दिवसाचे पैसे द्या, नुसता चहा नाही!

दाट झाडीत अंधार लवकर पडतो, चारला बाहेर निघा.

रात्री जेवणं झाली की एकच प्लॉट मोजलेल्या दोन टीमच्या वह्या शेजारी ठेवा. आकडे जुळत नाहीत, कधी झाडंच तीन कमी निघतात. भांडू दे त्यांना, खोडरबर मात्र कोणाच्या हातात देऊ नका. सकाळी परत त्याच प्लॉटला न्या.