फिजिक्सचा प्रोजेक्ट: विषय निवडतानाच होणाऱ्या चुका

जुलै लागला की स्टाफरूमच्या दारात कोणीतरी उभं असतंच. "सर, एखादा सोपा टॉपिक द्या ना." सोपा म्हणजे शनिवारी नेटवरून उतरवायचा आणि रविवारी फाइलला लावायचा. असे टॉपिक मी देत नाही, म्हणून मी खडूस.

पहिली चूक: वस्तूलाच विषय समजणं. ट्रान्सफॉर्मर, रेन अलार्म, सोलर कुकर या वस्तू झाल्या. विषयाच्या शेवटी प्रश्नचिन्ह लागलं पाहिजे. ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम गुंडाळीचे (जिथून व्होल्टेज बाहेर मिळतं ती) वेढे ५० चे १०० केले तर व्होल्टेज खरंच दुप्पट होतं का? बल्ब जोडल्यावर ते किती पडतं? (प्रयोग कमी व्होल्टच्या एसी सप्लायवर, सरांसमोर. हातानं गुंडाळलेलं काहीही २३० व्होल्टला लावायचं नाही.) एका मुलानं दुकानातून तयार मॉडेल आणलं होतं, दिसायला झकास. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "वेढे किती?" पोरगं वाकून मोजायला लागलं! सीबीएसईच्या प्रॅक्टिकलच्या ३० गुणांत प्रोजेक्टला ३ आणि तोंडीला ५, आणि तोंडीत प्रोजेक्टवरही विचारतात. दुकानदार काही तोंडीला येत नाही.

दुसरी चूक जरा चलाख मुलं करतात: प्रश्न चांगला, पण हवामान आणि उपकरण बघितलेलंच नसतं. माझ्या एका विद्यार्थिनीनं विषय घेतला, 'माठातलं पाणी किती अंशांनी गार होतं?' मला फार आवडला. पण आमचं कॉलेज कोकणात आणि महिना जुलैचा. व्हरांड्यात माठ ठेवला, दर तासाला नोंद. सकाळी हवा २८, पाणी २८. दुपारी हवा २८, पाणी २७, किंवा २८, कारण पारा दोन रेघांच्या मधे. हवा बाष्पानं गच्च असली की बाष्पीभवन जेमतेम होतं, मग गारवा यायचा कुठून? त्यात आमच्या थर्मामीटरचा लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारा लहानात लहान फरक, १ अंश. दोन थर्मामीटर एकाच ग्लासात बुडवले, तर त्यांच्यातच एका अंशाचा फरक! म्हणजे आठवडाभर ती माठ मोजतच नव्हती, थर्मामीटरमधली तफावत मोजत होती.

ती रडवेली झाली. मी म्हटलं, माठ उचल आणि कॉम्प्युटर लॅबमध्ये ने. तिथे एसी, म्हणून हवा कोरडी. या वेळी दोन्हीकडे एकच थर्मामीटर. लॅबमध्ये पाणी खोलीपेक्षा चांगलं चार अंशांनी खाली गेलं. विषय आपोआप बदलला: तोच माठ, दोन हवा, फरक किती? मराठवाड्यात मे महिन्यात हाच प्रयोग व्हरांड्यातच जमला असता.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. शीर्षक घेऊन आलेल्याला मी परत पाठवतो. आधी अर्धा तास काहीतरी मोजून ये, पाठकोऱ्या कागदावर पाच रीडिंग दाखव, मग नाव ठरवू. निम्मे तिथेच गळतात. गळू देत.

बाकीच्या चुका पटापट.

चेंडू किती उसळतो हे बघताना टाकायची उंची, फरशी आणि चेंडू तिन्ही एकदम बदलू नका. एक बदला, दोन धरून ठेवा.

पावसाळ्यात सोलर पॅनेल घेऊ नका. दर दहा मिनिटांनी ढग येतो आणि तुमचा आलेख आभाळाचा होतो.

'फुकट वीज'वाले व्हिडिओ माझ्याकडे आणू नका.

तीन बिंदूंतून रेघ ओढून 'सरळ रेषा मिळाली' म्हणू नका. किमान सहा-सात घ्या.

आणि लंबक घ्यायचाच असेल तर एका झोक्याची वेळ घेऊ नका. १ मीटरच्या लंबकाचा झोका साधारण २ सेकंदांचा, आणि स्टॉपवॉच दाबताना बोट सहज ०.२ सेकंद मागेपुढे होतं. म्हणजे १० टक्के चूक बोटाचीच. २० झोके मोजा, २० नं भागा. मोजणी 'शून्य'पासून सुरू करा, 'एक'पासून नाही. दरवर्षी निम्मा वर्ग १९ झोके मोजून २० नं भागतो आणि मग g (गुरुत्वीय त्वरण) ९.८ ऐवजी जवळजवळ ११ घेऊन येतो.