एकटं कासव काच खरवडायचं, त्यावरचा माझा उपाय

बेळगावच्या पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन पडत नाही. त्यात आमचं रेड-इअर्ड स्लायडर जातीचं कासव दिवसभर टाकीची काच खरवडत बसायचं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "एकटं पडलंय बिचारं, जोडीदार आणा की." पण या जातीला सोबत लागत नाही, उलट लहान टाकीत दोन ठेवली तर चावाचावी ठरलेली.

आधी टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून जाड कागद लावला. काचेत प्रतिबिंब दिसेनासं झालं, खरवडणं बरंच कमी झालं. मग अंग पूर्ण कोरडं करता येईल असा दगडाचा कट्टा आणि वर युव्हीबी, म्हणजे उन्हातल्यासारखी अतिनील किरणं देणारा दिवा. खिडकीतून येणाऱ्या उन्हाचा उपयोग नाही, ती किरणं काचच अडवते. कट्ट्यावर ३०-३२ अंश, पाण्यात २५ च्या आसपास. डिसेंबरात हीटर लागतोच.

खरा फरक पडला तो खाण्यामुळे. गोळ्या एका कोपऱ्यात टाकणं बंद केलं, आता त्या विखरून टाकतो. लेट्यूसचं पान दगडाखाली अर्धवट दाबून ठेवतो. कासव आधी नुसतं बघतं, मग तोंडात पान धरून पुढच्या नखांनी असं फाडतं की पाणी गढूळ होतं. फिल्टर धुवावा लागतो, पण ते चालतं. अधूनमधून औषध न मारलेल्या मातीतलं गांडूळ. त्या दिवशी तर काचेकडे फिरकतही नाही.

आणि नकोसं झालं तरी किल्ला तलावात सोडू नका. ही परदेशी जात आहे, इथल्या कासवांची जागा आणि खाणं बळकावते.