मोटरहोमने मालवण : टाकीतले पाणी आणि समुद्राचे पाणी

सोलापूरहून मोटरहोम, म्हणजे आतच झोपण्याची, स्वयंपाकाची आणि न्हाणीची सोय असलेली गाडी, घेऊन मालवणच्या किनाऱ्यावर तीन-चार दिवस राहायचे आणि तिथून होडीने सिंधुदुर्ग किल्ला व देवबागची खाडी पाहायची, असा बेत असेल तर तो दोन पाण्यांच्या हिशेबावर आखावा : गाडीच्या टाकीतले गोडे पाणी आणि समुद्राची भरती-ओहोटी. पहिला हिशेब आपल्याला कुणी शिकवायला नको. चार-पाच दिवसांनी येणाऱ्या नळावर ज्याचे घर चालते, त्याला शंभर लिटरची टाकी लहान वाटत नाही. दुसरा मात्र नव्याने शिकावा लागतो.

पावसाळ्यात प्रवासी होड्या बंद असतात आणि एप्रिलनंतर गाडीचा पत्रा दिवसभर तापतो. त्यामुळे संक्रांतीची गड्ड्याची यात्रा आटोपली की जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. गाडी आधी ठरवून मग तारखा पाहण्यापेक्षा पंचांग आधी उघडावे. ते का, हे पुढे येईलच. गाडी चालकासह घेतली तर त्याच्या झोपण्याची सोय कुठे, हे बुकिंगच्या वेळीच विचारावे. चार माणसांच्या गाडीत पाचव्याची पथारी कुठे पडणार, हा प्रश्न बहुतेकांना रात्री अकरा वाजता सुचतो.

मंगळवेढा, सांगोला, मिरजमार्गे कोल्हापूर आणि तिथून राधानगरी, फोंडा घाट, कणकवली, कसाल, मालवण असा रस्ता आहे. पहाटे पाचला निघाले तर घाट उजेडात उतरता येतो. उतारावर ब्रेक दाबत राहण्याऐवजी खालच्या गिअरमध्येच गाडी ठेवावी, कारण पाण्याने भरलेल्या टाकीचे वजन मागून रेटत असते. म्हणूनच निघताना टाकी अर्धीच भरावी आणि बाकीची मुक्कामी पोहोचल्यावर भरावी.

मुक्कामासाठी वाळूवर गाडी उतरवण्याचा मोह टाळावा. चाके रुतली की ती काढायला माणसे गोळा करावी लागतात आणि खारट वाळू चाकांत जाते ती वेगळीच. तारकर्ली-देवबागच्या वाटा अरुंद, माडांच्या झावळ्या आणि विजेच्या तारा खाली आलेल्या. घरगुती निवासाच्या मालकांना आधी फोन करून गाडीची लांबी आणि उंची सांगावी, आणि ‘काका, ती तुमच्या खळ्यात वळेल का?’ असे स्पष्ट विचारावे. खोली न घेता अंगणाची जागा, पाणी आणि विजेचे कनेक्शन एवढेच हवे असेल तर त्याचे भाडे तिथेच ठरवून घ्यावे.

गाडी लावल्यावर पहिले काम म्हणजे ती समतल आहे का ते पाहणे. ओट्यावर स्टीलची वाटी काठोकाठ भरून ठेवावी. ज्या बाजूने पाणी सांडेल त्या बाजूच्या चाकाखाली फळी सरकवावी. हे केले नाही तर न्हाणीतले पाणी जाळीकडे न जाता बिछान्याच्या दिशेने येते. दुसरे काम पंपाचे. नळ उघडला की तो घरघरतो आणि बंद केला की थांबतो. नळ बंद असूनही तो कोरडा खडखडत राहिला तर टाकी रिकामी झाली, असे समजावे. आमच्या पहिल्या फेरीत भाच्याने नळ किंचित उघडा ठेवला आणि पहाटे दात घासायलाही थेंब उरला नाही. तेव्हापासून झोपताना पंपाचे बटण बंद करायचे, हा आमचा नियमच झाला. शौचालयाची पेटी यजमानांच्या परवानगीने त्यांच्या संडासातच रिकामी करावी, खाडीत कधीही नाही.

स्वयंपाकावर पाणी आणि गॅस फार खर्ची पडतो. त्यावर आपल्याकडे तयार उत्तर आहे : कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. भाकरी कोकणातल्या दमट हवेत मऊ पडते, म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. दही तिथे मिळते, आणि रात्रीची मासळी यजमानांच्याच चुलीवरची खावी.

आता भरती-ओहोटी. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा की तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ मिळते. द्वितीयेला दोन गुणिले पाऊण म्हणजे दीड वाजता भरती, आणि त्याआधी सुमारे सहा तास, म्हणजे साडेसातच्या आसपास पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. मुंबई-अलिबागकडे हा अंदाज बरा जुळतो. मालवणला भरती काहीशी आधी येते, म्हणून शेवटचा शब्द होडीवाल्याचाच मानावा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते आणि त्याच दिवसांत ओहोटीही खोल जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची. देवबागला कार्ली नदी समुद्राला मिळते तिथला, ‘त्सुनामी आयलंड’ म्हणून ओळखला जाणारा वाळूचा दांडा ओहोटीलाच नीट उघडा पडतो. द्वितीया-तृतीयेला सकाळी होडीत बसलात तर दांडाही मिळतो आणि शांत पाणीही, कारण सकाळी जमिनीकडून येणारे मतलई वारे मंद असतात आणि दुपारनंतर खारे वारे लाटा उठवतात. डॉल्फिन पाहायचे तरी सकाळच हवी. लाइफ जॅकेटचे बक्कल लावूनच होडीत चढावे. खांद्यावर टाकलेले जॅकेट काही कामाचे नाही.

सिंधुदुर्गासाठी मालवणच्या धक्क्यावरून होडी मिळते. नाव पाऊण तासात परत बोलावते की तासाने, हे उतरण्याआधी विचारावे. 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी केली. क्षेत्र सुमारे 48 एकर, त्यामुळे सगळा तट फिरू म्हटले तर वेळ पुरत नाही. महादरवाजा तटाच्या वळणात असा दडवला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तो पाहून शिवराजेश्वराचे मंदिर आणि मग थेट विहिरींकडे जावे. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तिन्ही विहिरींत चारी बाजूंनी खारे पाणी असताना गोडे पाणी आहे. दूधबावच्या काठावर आमच्या सासूबाई बराच वेळ वाकून उभ्या होत्या. ‘आपल्याकडं असती तर कुलूप लावलं असतं,’ एवढेच म्हणाल्या.

किल्ल्याभोवतीच्या समुद्रात स्नॉर्केलिंग करणार असाल तर प्रवाळावर पाय ठेवू नये. मालवणचा हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे.

परतीच्या दिवशी किनारा सोडल्यावर, घाट चढण्याआधी कणकवलीत सर्व्हिसिंग सेंटरवर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुऊन घ्यावा. चाकांच्या आतल्या कमानी आणि पायरीखालचा भाग ते बहुधा सोडतात, तेव्हा शेजारी उभे राहून दाखवावे.