काळीकुट्ट मेंदी हातावर नको

लग्नसराईत ‘अर्ध्या तासात काळाकुट्ट रंग’ म्हणून विकले जाणारे कोन घेऊ नका. खरी मेंदी आधी केशरी दिसते आणि एक-दोन दिवसांत लालसर तपकिरी होते; काळीभोर होत नाही. तो काळेपणा बहुतेकदा पीपीडीचा, म्हणजे केसांच्या डायमधल्या रसायनाचा असतो. त्याने नक्षीच्या रेघांवर हुबेहूब फोड उठू शकतात. एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा जन्मभर राहते. पुढे कधी केस रंगवले तर चेहरा, डोळे सुजू शकतात. लहान मुलांना तर अजिबात लावू नका.

केसांसाठीच्या काळ्या मेंदीच्या पाकिटातही पीपीडी असू शकतं. मागची बारीक अक्षरं वाचा, कानामागे थोडी लावून ४८ तास वाट पाहा. आधी त्रास झालेला असेल, तर ही चाचणीही घरी करू नका, त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.