ग्लो इंजिनावर भाजून बसलेलं एरंडेल कसं काढायचं

मॉडेल विमानाच्या जुन्या ग्लो इंजिनाच्या (मिथेनॉलच्या इंधनावर चालणाऱ्या छोट्या इंजिनाच्या) फिन्समध्ये, म्हणजे थंड ठेवणाऱ्या पातळ पात्यांमध्ये, आणि मफलरच्या तोंडाशी लाखेसारखा तांबूस-काळा थर दिसतो. हे इंधनातलं एरंडेल तेल. ताजं असताना ते मिथेनॉलमध्ये विरघळतं, पण पुन्हापुन्हा तापून त्याचं वॉर्निश झालं की मिथेनॉलने निघत नाही. रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवण्याची सवय इथे फुकटच जाते. ओव्हन क्लीनर तर नकोच: त्यातला कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियम खातो, क्रँककेस (इंजिनाचं बाहेरचं कवच) काळी पडते.

उपाय म्हणजे गरम कूलंट. गाडीच्या रेडिएटरचं इथिलीन ग्लायकॉलवालं घ्या, शक्यतो कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं.

आधी ग्लो प्लग आणि कार्ब्युरेटर काढा. प्लास्टिक, ओ-रिंग, सिलिकॉन ट्यूब काही आत जाता कामा नये. स्क्रू चिकटले असतील तर हीट गनने हेड तापवा आणि मापाचीच अॅलन की लावा, नाहीतर खाच गोल होते. हेडखालच्या पातळ शिम (धातूच्या चकत्या) मोजून ठेवा. शाफ्ट जाम असेल तर प्रोपेलर धरून जोर लावू नका, कनेक्टिंग रॉड वाकतो. तापवल्यावर शाफ्ट आपोआप सुटतो.

स्लो कुकरमध्ये (मंद आचेवर शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात) सुटे भाग पूर्ण बुडतील इतकं कूलंट घालून ‘लो’वर ठेवा. ८० ते ९० अंश सेल्सिअस पुरे, उकळी नको. ८ तासांनी एकदा बघा. जाड थराला २४ तासही लागतात. थर मऊ होऊन सालासारखा सुटू लागला की जुन्या टूथब्रशने घासा, फिन्सच्या फटींत लाकडी टूथपिक चालवा. लायनरच्या (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीच्या) आतल्या भिंतीला पॉलिश पेपर लावला तर कॉम्प्रेशन गेलंच समजा. रंगीत अॅनोडाइज्ड भाग यात घालू नका, रंग फिका पडू शकतो.

हे सगळं घराबाहेर, हातमोजे घालून करा. उघड्या ज्योतीवर नको, ग्लायकॉलची वाफ पेट घेऊ शकते. ते विषारी आणि चवीला गोड असतं, त्यामुळे कुत्र्यामांजरांपासून झाकून ठेवा. तो कुकर पुन्हा स्वयंपाकघरात येणार नाही.

आता खरी घाई. कूलंटने बेअरिंगमधलं तेलही धुऊन नेलेलं असतं. भाग गरम पाण्यात दोनदा धुवा, हीट गनने लगेच सुकवा आणि गरम असतानाच बेअरिंगमध्ये ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइडचे ५-६ थेंब सोडून शाफ्ट फिरवा. कोकणातल्या पावसाळी हवेत हे काम उद्यावर टाकलं तर मागच्या बेअरिंगला गंज धरतो, आणि मग शाफ्ट फिरवताना बोटांना खरखर लागते. तशी लागली तर बेअरिंग बदला, नुसतं तेल घालून ती जात नाही.

वापरलेलं कूलंट जुन्या गंजीफ्रॉकच्या तुकड्यातून गाळून, नाव लिहिलेल्या बाटलीत भरा. पुढच्या दोन-तीन इंजिनांना ते चालतं; गटारात ओतायचं नाही.